१०^१५ + १ चे मूळ अवयव किती? थेट भाग देत बसू नका

मी सांगलीत विश्रामबागला नववी-दहावीच्या पोरांचे क्लास घेतो, तिथं हे बऱ्याचदा करून घेतलंय, म्हणून सांगतो. २, ३, ५, ७ करत भाग देत बसलात तर रात्र जाईल, आधी घाताकडं बघा. १५ = ३ × ५, दोन्ही विषम, म्हणून १०^३ + १ आणि १०^५ + १ या दोन्हींनी भाग जातोच. १००१ = ७ × ११ × १३ आणि १००००१ = ११ × ९०९१, ११ दोन्हीत आहे तो एकदाच धरायचा, मग उरतात १०९८८९०११.

आता खरी गंमत. जे मूळ अवयव आधीच्या लहान घातांत आलेले नसतात, त्यांना घाताच्या दुपटीनं, म्हणजे इथं ३० नं, भागल्यावर बाकी १ च राहते! मग फक्त ३१, ६१, १५१, १८१, २११ असंच तपासायचं. २११ लागतो, मग २४१, आणि उरतो २१६१, तोपण मूळच. एकूण ७ झाले.

घात २, ४, ८, १६ असा असला तर पहिली युक्ती चालत नाही कारण विषम अवयवच नाही, पण दुसरी चालते, १०००१ = ७३ × १३७ बघा, दोन्हींना ८ नं भागून बाकी १. आणि १०^८ + १ ला तर पहिलाच १७ लागतो, १७ × ५८८२३५३. हे पोरं फळ्यावर स्वतः काढतात तेव्हा लई भारी वाटतं.