डायलिसिसवर हुडहुडी, आणि पाण्याचा रिपोर्ट 'नॉर्मल'

ताई, एकाच शिफ्टला तिघांना तासाभरात हुडहुडी भरली, त्यातले दोघे फिस्टुलावाले (हातातली शीर आणि धमनी जोडून तिथे सुई घालतात ते), मशीन रोज डिसइन्फेक्ट होते आणि पाण्याचा रिपोर्ट नॉर्मल, असं तुम्ही लिहिलंय. एकट्या कॅथेटरवाल्याला (शिरेत नळी ठेवलेल्याला) ताप आला असता तर आधी कॅथेटरकडे बघितलं असतं. फिस्टुलावाल्यांनाही थंडी वाजते म्हटल्यावर माझा पहिला संशय पाण्यावर, नाहीतर बायकार्बवर (डायलिसिसच्या द्रवात मिसळायचं सोड्याचं द्रावण). अँटिबायोटिक सुरू करण्याआधी ब्लड कल्चर मात्र घेतलेलं असू द्या.

त्या रिपोर्टवर जाऊ नका. सॅम्पल कुठून आणि कधी घेतलं ते विचारा. लूप (मशीनपर्यंत पाणी फिरवणारी पाइपलाइन) डिसइन्फेक्ट केला की दुसऱ्या दिवशी आरओच्या (पाणी शुद्ध करणाऱ्या यंत्राच्या) तोंडाशी बाटली भरली, तर रिपोर्ट छानच येणार! सॅम्पल डिसइन्फेक्शनच्या आधी घ्यायचं, लूपच्या परतीच्या टोकाला आणि मशीनला पाणी येतं तिथे. ब्लड अगारवर (जंतू वाढवायचं नेहमीचं माध्यम) 37 अंशांत रात्रभर ठेवलं तर हे पाण्यातले जंतू बरेचदा सापडत नाहीत. आर-टू-ए अगारवर 17 ते 23 अंशांत 7 दिवस ठेवायला सांगा. मिलीलिटरला 100 कॉलनी ही मर्यादा, पण 50 झाल्या की कामाला लागायचं. एंडोटॉक्सिन (जंतूंच्या कवचातलं विष) वेगळं तपासून घ्या, ते मिलीलिटरला 0.25 युनिटच्या आत हवं. जंतू मेले तरी ते पाण्यात राहतं, आणि थंडी त्यानेही वाजते. एका सिटिंगला 120 लिटरच्या आसपास द्रव डायलायझरमधून (रक्ताच्या गाळणीतून) जातो, हे लक्षात घ्या.

कार्बन फिल्टर क्लोरीन काढतो. काढावाच लागतो, नाहीतर रक्तपेशी फुटतात. पण तिथून पुढे पाण्याला राखणदार उरत नाही. त्यात आपला नागपूरचा मे महिना, पारा 45 च्या घरात, आरओ रूम कोंदट आणि रविवारी युनिट बंद म्हणून पाणी लूपमध्ये उभं. तुमचा प्रकार सोमवारचा होता का? बंद केलेल्या बेडचा फाटा लूपला तसाच लटकत असेल तर कापून टाका. त्यात बायोफिल्म (जंतूंचा बुळबुळीत थर) धरतो आणि औषध तिथवर पोचत नाही. भिंतीपासून मशीनपर्यंतची नळीही बघा, मशीनच्या डिसइन्फेक्शनमध्ये ती सहसा येत नाही. आणि आरओच्या मेम्ब्रेनला हायपो (ब्लीच) लावू देऊ नका, खराब होते. तिथे पेरासिटिक ॲसिड.

आता बायकार्बचे कॅन. डायलिसिसचा द्रव दोन भागांतून बनतो. पार्ट ए आम्लाचा, त्यात सहसा काही वाढत नाही. पार्ट बीमध्ये, म्हणजे बायकार्बमध्ये, जंतू मजेत वाढतात. कॅनच्या झाकणाच्या आतून ग्लोव्हजचं बोट फिरवून बघा, बुळबुळीत लागलं तर तिथेच थांबा. उरलेल्या बीमध्ये नवीन ओतायची सवय बऱ्याच युनिटमध्ये आहे, ती आजच बंद करा. उरलेलं संध्याकाळी फेकायचं, कॅन आरओच्या पाण्याने धुवून पालथे वाळवायचे.

सॅम्पल लॅबला जाताना बर्फाच्या डब्यातून पाठवा आणि 24 तासांच्या आत कल्चरला लागेल असं बघा. डिलिव्हरीवाल्याच्या डिक्कीत दुपारभर तापलेल्या बाटलीचा आकडा धरून चालणार नाही.