एनजिनएक्सची 900 ओळींची फाइल कशी फोडावी?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: बडोद्यात दांडिया बाजारातलं ऑफिस, उबुंटूचा एकच सर्व्हर, त्यावर एनजिनएक्स (वेबसाइट पुरवणारं सॉफ्टवेअर), सात गिऱ्हाइकांच्या साइट आणि सगळ्यांचं कॉन्फिगरेशन, म्हणजे सेटिंग, एकाच 900 ओळींच्या फाइलीत. फरसाणवाल्याच्या साइटमध्ये एक सेमीकोलन राहिला आणि ऐन गणपतीत मंडळाची पावत्यांची साइटही बसली.

ती बसली ती फाइल लांब होती म्हणून नव्हे, तुम्ही रीस्टार्ट केलंत म्हणून. रीस्टार्ट आधी चालू सर्व्हर बंद करतो, मग चुकलेल्या फाइलीपाशी अडतो. रीलोड, म्हणजे सर्व्हर बंद न करता फाइल पुन्हा वाचणं, केलं असतं तर जुनं कॉन्फिगरेशन चालू राहिलं असतं. फाइल फोडल्यावरही हा धोका तसाच राहतो, कारण एनजिनएक्स सगळे तुकडे जोडून एकच वाचतो. म्हणून दर वेळी आधी ‘एनजिनएक्स डॅश लहान टी’ (कॉन्फिगरेशन तपासणारी चाचणी), ते पास झालं की रीलोड.

आता फोडणं. मुख्य फाइलीत वर्कर, लॉगचा साचा, जीझिप (मजकूर दाबून पाठवणं) आणि दुसऱ्या फाइली आत ओढणारी इन्क्लूड ओळ एवढंच ठेवा. प्रत्येक साइटची वेगळी फाइल साइट्स-अव्हेलेबल या फोल्डरमध्ये, आणि साइट्स-एनेबल्डमध्ये फक्त तिची सिमलिंक (मूळ फाइलीकडे नेणारा दुवा). लिंक देताना स्लॅशपासून पूर्ण पाथ लिहा. अर्धवट पाथ दिला की लिंक तुटकी बनू शकते आणि चाचणी ‘फाइल सापडत नाही’ म्हणते.

खरी मेख साइट्स-एनेबल्डमध्ये आहे. उबुंटूची इन्क्लूड ओळ तिथली प्रत्येक फाइल उचलते, मग ती ‘फरसाण.बॅक’ ही जुनी प्रत का असेना. एकच सर्व्हर नेम (साइटचं डोमेन) दोनदा येतं, एनजिनएक्स नुसती वॉर्निंग देतो आणि नंतरचं सोडून देतो. जुनी प्रत आधी वाचली गेली तर तुम्ही बदल करत बसता, साइट ढिम्म! त्या इन्क्लूड ओळीचा शेवट ‘स्टार.कॉन्फ’ करा आणि सगळ्या लिंकांची नावं कॉन्फने संपवा.

फाइली वर्णक्रमाने वाचल्या जातात. डीफॉल्ट सर्व्हर ठरवला नसेल तर त्या पोर्टवर अनोळखी डोमेन आलं की पहिली आलेली साइट उघडते. म्हणून ‘00-डीफॉल्ट.कॉन्फ’ ठेवा, लिसनपुढे डीफॉल्ट_सर्व्हर आणि आत रिटर्न 444 (उत्तर न देता कनेक्शन तोडा). पोर्ट 443, म्हणजे एचटीटीपीएस, साठी जोडणीच नाकारणारं एसएसएल_रिजेक्ट_हँडशेक आहे, आवृत्ती 1.19.4 पासून.

अनेक साइटना लागणारे समाईक तुकडे स्निपेट्स फोल्डरमध्ये, पण बेताने. सिक्युरिटी हेडर (उत्तरासोबत ब्राउझरला जाणाऱ्या सुरक्षेच्या सूचना) सर्व्हर ब्लॉकमध्ये, म्हणजे साइटच्या भागात, इन्क्लूड केले आणि त्यातल्या एखाद्या लोकेशनमध्ये (एका पाथच्या नियमांत) एकच ॲड_हेडर लिहिला, तर तिथे वरचे सगळे गळतात. मागच्या ॲपकडे हेडर पाठवणाऱ्या प्रॉक्सी_सेट_हेडरचंही तसंच. त्या लोकेशनमध्ये स्निपेट पुन्हा इन्क्लूड करा. माझ्या मते तीन-चार स्निपेट पुरे. त्याहून जास्त झाले की कोणती ओळ कुठून आली हे शोधण्यातच दुपार जाते.

सातही साइट एका रात्रीत हलवू नका. आधी ‘डॅश मोठा टी’ने पूर्ण कॉन्फिगरेशन छापून एका फाइलीत ठेवा, एक साइट हलवा, पुन्हा छापा, डिफ (दोन्हींतला फरक) पाहा. जागा बदलेल, ओळी गळता कामा नयेत. सगळं गिटमध्ये (बदलांचा इतिहास ठेवणारं साधन) घाला, एसएसएलच्या खासगी कीज सोडून.