दीडशे सर्व्हिसेस म्हणजे लेव्हल चार नाही

तुम्ही लिहिलंय की विमा कंपनीत एसओएची (सॉफ्टवेअरची कामं सगळ्यांना वापरता येतील अशा सुट्या सर्व्हिसेसमध्ये मांडायची पद्धत) मॅच्युरिटी, म्हणजे ती कितपत मुरलीय ते, तपासायचं काम गळ्यात पडलंय, दीडशे सर्व्हिसेस आहेत आणि बीकेसीतल्या साहेबांना शुक्रवारपर्यंत लेव्हलचा आकडा हवाय. आकडा द्या, पण एकच देऊ नका.

ओपन ग्रुप या आयटी मानकं ठरवणाऱ्या संस्थेचं ओसिम मॉडेल घ्या, हीच मॅच्युरिटी मोजायचं, 2009 चं आहे, 2012 मध्ये ते आयएसओ/आयईसी 16680 हे आंतरराष्ट्रीय मानक झालं. सायलोपासून (प्रत्येक सिस्टिम सुटी) डायनॅमिकपर्यंत (सर्व्हिसेस गरजेप्रमाणे आपोआप जुळतात) सात लेव्हल, चौथीला खऱ्या सर्व्हिसेस येतात. लोक एवढंच वाचतात आणि विसरतात की बाजूपण सात आहेत, बिझनेस, गव्हर्नन्स, मेथड, अ‍ॅप्लिकेशन, आर्किटेक्चर, इन्फर्मेशन, इन्फ्रास्ट्रक्चर, आणि प्रत्येकीची लेव्हल वेगळी काढायची असते. सरासरी काढलीत की मेलात, अ‍ॅप्लिकेशन चौथीवर, इन्फर्मेशन दुसरीवर, सरासरी तीन आणि सगळे खूश!

माझ्या मते खरा वेळ इन्फर्मेशनला द्या. एक साधा बदल धरा, ग्राहकाने मोबाईल नंबर बदलला. आता तो कुठे कुठे बदलतो ते शेवटपर्यंत बघत जा. क्लेम्सवाल्यांची कॉपी वेगळी, सीआरएममध्ये (ग्राहकांच्या नोंदींची सिस्टिम) वेगळी, रात्रीच्या बॅचने सिंक होते, झाली तर, आणि मधेच कोणीतरी 'कस्टमर सर्व्हिस'ला बायपास करून थेट टेबलात अपडेट मारतोय. असं निघालं तर वर कितीही छान एपीआय (सर्व्हिसला बोलवायचं दार) असू दे, त्या बाजूला चार देऊ नका.

मग गेटवेचे, म्हणजे सर्व्हिसेसना येणारे कॉल जिथून जातात तिथले, लॉग काढा. ज्या सर्व्हिसला एकच अ‍ॅप बोलावतंय ती बहुतेक जुनंच पॉइंट-टू-पॉइंट इंटिग्रेशन (दोन सिस्टिम थेट एकमेकींना जोडलेल्या) आहे, नवे कपडे घातलेलं. अगदीच नवी असेल तर थोडी सूट द्या. आणि प्रत्येकीचा मालक कोण, जुनं व्हर्जन बंद करायचं झालं तर कोणाकोणाला सांगावं लागेल, हे विचारा. 'बघून सांगतो' असं उत्तर आलं की गव्हर्नन्सची लेव्हल कळली. (हे आर्किटेक्टला विचारलंत तर पीपीटी मिळेल, प्रॉडक्शन सपोर्टवाल्यांना खाली टपरीवर कटिंगला न्या.)

सातवी लेव्हल गाठायलाच पाहिजे असं काही नाही हां, कुठल्या बाजूला किती हवी ते धंद्याच्या गरजेवर ठरतं.

शुक्रवारी सात ओळींचं शीट न्या, प्रत्येक लेव्हलसमोर पुरावा, आणि जिथे पुरावा नाही तिथे एक लेव्हल खाली.