गरुडासाठी शिकवणी लावावी का?

प्रश्न : ताई, नमस्कार. मी न्यू जर्सीत एडिसनला असतो. वय ६१, यंदाच निवृत्त झालो. मुलीनं वाढदिवसाला १५०-६०० मिमीची झूम लेन्स घेऊन दिली, म्हणून गेल्या नोव्हेंबरात मेरीलँडच्या कोनोविंगो धरणावर बाल्ड ईगल टिपायला गेलो. गरुड चिक्कार होते, पण फोटो एकही धड नाही. काही धूसर, काहींत पांढरं डोकं जळून गेलेलं आणि उरलेल्यांत नुसती शेपटी! एक फोटोग्राफर एकट्याला दिवसभर शिकवायचे चारशे डॉलर मागतोय. यूट्यूबवर सगळं फुकट मिळत असताना एवढे पैसे घालावेत का? आणि जायचं कधी?
— एक वाचक, एडिसन

उत्तर : घाला पैसे, पण आत्ता नको आणि पूर्ण दिवसाचे तर नकोच. मी हल्ली पैसे घेऊन शिकवत नाही, त्यामुळे हे मोकळेपणानं सांगू शकते.

तुमच्या तीन तक्रारींपैकी दोन कुणाच्याही मदतीशिवाय सुटतात. डोकं जळतंय, कारण कॅमेरा ऑटोवर आहे. कोनोविंगोला तोच गरुड आधी आकाशावर दिसतो, मग पलीकडच्या काळपट झाडीवर, मग धरणाखालच्या पांढऱ्या फेसावर, आणि हे सगळं दोन-चार सेकंदांत. कॅमेरा दर वेळी मागचा पडदा पाहून हिशेब बदलतो. झाडी आली की त्याला वाटतं अंधार पडला, तो उजेड वाढवतो आणि पांढऱ्या डोक्यातलं एकूण एक पीस पुसलं जातं. ऊन स्थिर असेल तर सगळं मॅन्युअल करा, आयएसओसुद्धा (म्हणजे उजेडाला कॅमेरा किती संवेदनशील, तो आकडा). शटर सेकंदाच्या १/२०००पेक्षा हळू नको, अ‍ॅपर्चर एफ ६.३ आणि मग आयएसओ तेवढा वरखाली करायचा. मोजायचं कशावर? तिथं कुरवांचे, म्हणजे सीगलचे, थवेच्या थवे असतात. उन्हातल्या कुरवाचा फोटो काढा. स्क्रीनवर पांढरा भाग लुकलुकत असेल तर लुकलुक थांबेपर्यंत आयएसओ उतरवा आणि मग त्याला हात लावू नका. कुरव वाचला की गरुडाचं डोकं वाचतं. ढग आला तर पुन्हा मोजायचं, एवढंच.

शेपट्यांचं कारण म्हणजे तुम्ही ६००वर राहून पक्षी शोधताय. २५०-३००वर या, पक्षी चौकटीत घ्या, फोकस धरला की मग झूम करा. हेही कुरवांवरच शिकायचं. ते दिवसभर उडतात, जवळून उडतात आणि फोटो चुकला तर कुणी हळहळत नाही. गरुड येईपर्यंत कॅमेरा खाली ठेवून गप्पा मारणारे लोक तिथं पुष्कळ दिसतील. त्यांच्यात बसू नका.

राहिले धूसर फोटो. शिकवणीचे पैसे वसूल होतात ते इथे. धूसर होण्याची कारणं पाच-सहा आणि स्क्रीनवर ती जवळजवळ सारखीच दिसतात. तुमचं त्यातलं कुठलं, हे व्हिडिओतला माणूस सांगू शकत नाही, कारण तो तुमच्याकडे बघत नसतो. माझ्याकडे एक बाई आल्या होत्या. त्यांनी लेन्स बदलली होती, कॅमेरा सर्व्हिसिंगला जाऊन आला होता, तरी फोटो पाण्याखालून काढल्यासारखे. मी काही न बोलता त्यांच्या गाडीत मागच्या सीटवर बसले. बाईंनी हीटर लावला, काच अर्धी उतरवली आणि लेन्स काचेवर टेकवून फोटो काढायला लागल्या. बाहेर उणे चार-पाच अंश आणि लेन्सच्या समोरून गाडीतली गरम हवा लहरत बाहेर चाललेली! हीटर बंद केला, चारही काचा उघडल्या, आतली हवा बाहेरच्याइतकी गार होऊ दिली. दातांवर दात वाजत होते, पण फोटो स्वच्छ आले. सेटिंगमध्ये काहीही बदललं नव्हतं.

तेव्हा शिकवणाऱ्याला आधी एकच गोष्ट विचारा : शिकवताना तुमच्या हातात कॅमेरा असेल का? ‘हो, मीही काढतो, तुम्ही बघून शिका’ असं उत्तर आलं तर नमस्कार करा. तो तुमच्या खर्चानं सहलीला आलेला माणूस आहे. त्यानं गरुडाकडे कमी आणि तुमच्या कोपराकडे, पायांकडे, डाव्या हाताकडे जास्त बघायला हवं. डावा हात लेन्सच्या खालून, कोपर छातीला, पाय पक्षी जिथे पोचणार त्या दिशेला आणि कंबर मागे वळवून सुरुवात. बहुतेक जण बरोबर उलटं उभे राहतात आणि पक्षी जवळ आला की अडकतात. अर्ध्या दिवसाचा दर ठरवा आणि त्यातला शेवटचा तास तुमचेच फोटो लॅपटॉपवर उघडून बघायला ठेवा.

दुसरी गोष्ट त्याच्याकडून घ्यायची ती म्हणजे आधी ओळखणं. कॅमेरा कितीही वेगवान असो, पक्ष्यानं झेप घेतल्यावर तुम्ही जागे झालात तर शेपटीच मिळणार. फांदीवर निवांत बसलेला गरुड पुढे झुकला, अंग आवळून घेतलं आणि शेपटी उचलून पिचकारी टाकली की बोट बटणावर ठेवा. बरेचदा पुढच्या काही क्षणांत तो निघतो. निघताना आणि उतरताना तो वाऱ्याकडे तोंड करतो. फोटोग्राफर उभे राहतात ते फिशरमन्स पार्क सस्क्वेहाना नदीच्या पश्चिम काठावर आहे, म्हणजे वारा तुमच्या पाठीकडून, पश्चिमेकडून असेल तर गरुडाचं तोंड तुमच्याकडे येतं. पूर्वेचा वारा असेल त्या दिवशी पाठमोरे गरुड मिळतात. पहाटे तिथं सूर्य समोरच्या अंगाला असतो, ऊन मागून हवं तर दुपारपर्यंत थांबावं लागतं. लोक मात्र अंधारात येऊन जागा धरतात आणि नेमका उजेड चांगला झाला की जेवायला जातात!

आणि भोंगा. १९२८ सालचं हे वीजनिर्मितीचं धरण. पाणी सोडण्याआधी भोंगा वाजतो, लाल दिवे लागतात. टर्बाइनमधून येणाऱ्या पाण्याबरोबर गिझर्ड शॅड नावाचे मासे अर्धमेले होऊन वर येतात आणि गरुडांची पंगत बसते. एकानं मासा उचलला की दुसरा हिसकावायला मागे लागतो. खरे फोटो त्या हिसकाहिसकीचे. म्हणून मासा उचलल्यावर समाधानानं कॅमेरा खाली करू नका, मागून कोण येतंय ते दुसऱ्या डोळ्यानं बघत राहा.

कधी जायचं? उत्तरेकडची तळी गोठायला लागली की तिकडचे गरुड इकडे उतरतात. नोव्हेंबरच्या मध्याला गर्दी सर्वांत जास्त, गरुडांची आणि माणसांचीही. शनिवार-रविवार टाळा, तुम्ही आता निवृत्त आहात. डिसेंबरात गरुड कमी होतात, पण शिकायला मोकळी जागा मिळते. शिकवणी मी डिसेंबरातच घेईन.

गाडीबद्दल एक सांगायलाच हवं, कारण हे ऐकून लोकांना थट्टा वाटते. तिथली काळी गिधाडं गाड्यांचं रबर कुरतडतात. वायपर, खिडक्यांच्या कडा, जे सापडेल ते. जुनेजाणते लोक गाडीवर ताडपत्री टाकून ती दोरीनं आवळतात. तुम्हीही टाका.

थंडीत बॅटरी लवकर मान टाकते, जादाच्या बॅटऱ्या आतल्या खिशात अंगाच्या उबेला ठेवा. घरी परतल्यावर कॅमेरा तसाच आत नेला तर लेन्सवर दव धरतं. बाहेरच कार्ड काढून घ्या, कॅमेरा झिपच्या पिशवीत बंद करा आणि घरात दोन-तीन तास ती पिशवी उघडू नका.

शेवटचं, शिकवणारा मासे फेकून गरुड बोलावतो किंवा घरट्याजवळ नेतो असं कळलं तर ॲडव्हान्स बुडाला तरी चालेल, जाऊ नका. सस्क्वेहाना जिथे मिळते त्या चेसापीक उपसागराच्या भागात जानेवारी-फेब्रुवारीत घरट्यात अंडी असतात. १९६३ साली अलास्का सोडून अमेरिकेच्या सलग राज्यांत या गरुडांच्या जेमतेम ४१७ जोड्या उरल्या होत्या. १९७२ मध्ये त्यांच्या मुळावर आलेल्या डीडीटी या कीटकनाशकावर बंदी आली आणि २००७ मध्ये बाल्ड ईगल धोक्यातल्या प्राण्यांच्या यादीतून बाहेर पडला. गरुडांच्या संरक्षणाचा १९४०चा कायदा मात्र अजून लागू आहे आणि तो कडक आहे. जमिनीवर पडलेलं पीससुद्धा घरी नेता येत नाही. नातवंडांसाठी नेण्याचा मोह होतो, म्हणून लिहिलं.

प्रश्न : सोबत फोटो पाठवत आहे. पेनसिल्व्हेनियात नदीकाठी मिळाला. पूर्ण तपकिरी आहे, म्हणजे गोल्डन ईगलच ना? ग्रुपवर टाकण्याआधी विचारते.
— एक वाचक, हॅरिसबर्ग

उत्तर : ग्रुपवर टाका, पण नाव बदलून. हे बाल्ड ईगलचं पोर आहे. डोकं आणि शेपटी पांढरी व्हायला साधारण पाच वर्षं लागतात, तोवर ते असंच तपकिरी, ठिपक्याठिपक्यांचं असतं. तुमच्या फोटोत पंखाखाली काखेपाशी पांढरट डाग आहेत आणि चोच डोक्याच्या मानानं भलीमोठी आहे. पाय बघा, बोटांच्या वर पिवळी उघडी कातडी दिसते. गोल्डन ईगलच्या पायांवर थेट बोटांपर्यंत पिसं असतात. फोटो छान आहे, उजवीकडची फांदी तेवढी कापा.

प्रश्न : आम्ही दोघं सासवडला असतो. मुलगा बाल्टिमोरला आहे, नोव्हेंबरात त्याच्याकडे जायचं आहे. त्यानं गरुडांच्या फोटोग्राफीची शिकवणी आमच्यासाठी आधीच बुक करून ठेवलीये. इथे सराव कशावर करावा? गरुड कुठून आणायचा?
— एक वाचक, सासवड

उत्तर : गरुड कशाला हवा, घारी आहेत की! मटण मार्केटच्या मागे किंवा कचरा डेपोवर सकाळी जा. घार वळते, सूर मारते, दुसरीच्या तोंडचं हिसकावते. गरुडासाठी लागणारं बहुतेक सगळं ती फुकट शिकवते. आधी एकट्या घारीचा पाठलाग, मग झुंडीतली एकच धरून ठेवायची. हे जमलं की भिगवणला जा. उजनीच्या पाण्यावर पहिले कुरव ऑक्टोबर-नोव्हेंबरात येऊ लागतात, तेवढ्यावर पांढऱ्या रंगाचं मोजमाप करून बघता येईल. रोहित (फ्लेमिंगो) बघायला परत आल्यावर जा, ते कुठे पळून जात नाहीत. हलत्या होडीतून फोटो काढता आले तर कोनोविंगोच्या काठावर उभं राहून काढणं सोपं वाटेल.

तुमचा कॅमेरा कुठला ते लिहिलं नाहीत. कुठलाही असला तरी फोकसचं काम शटरच्या बटणावरून काढून मागच्या बटणावर द्या आणि महिनाभर तसंच वापरा, म्हणजे तिकडे गेल्यावर शिकवणाऱ्याचा पहिला तास त्यात जाणार नाही. पातळ हातमोजे घालून बटणं सापडतात का, ते इथेच बघून ठेवा. सासवडच्या उकाड्यात हातमोजे घातलेले पाहून शेजारी हसतील, हसू द्या. विमानात सुट्या बॅटऱ्या केबिन बॅगेतच घ्यायच्या, चेक-इनच्या बॅगेत चालत नाहीत. ताडपत्री इथून नेऊ नका, तिकडे कुठल्याही हार्डवेअरच्या दुकानात मिळते.