स्वमग्न मुलाला शाळेने 'काही दिवस घरी ठेवा' सांगितलं, तर त्या दिवसांतल्या शिक्षणाची जबाबदारी कोणाची?

तुम्ही दोन गोष्टी विचारल्यात. सहावीतल्या भाच्याला शाळेने दहा दिवस घरी बसवलंय तर घरी अभ्यास कसा घ्यायचा, आणि अमेरिकेत म्हणे अशा मुलाला शाळेलाच शिकवावं लागतं, तसं आपल्याकडे आहे का.

पहिल्याचं उत्तर देण्याआधी एक सांगा, शाळेने लेखी दिलंय का? नसेलच. मलाही दिलं नव्हतं.

2022 चा श्रावण. माझा मुलगा चौथीत. लॉकडाऊनची दोन वर्षं घरात काढून नुकताच कुठे वर्गात टिकायला लागला होता. गणपती जवळ आले होते, म्हणून मधल्या सुट्टीनंतर मैदानावर ढोलाची प्रॅक्टिस सुरू झाली. नाशिक ढोल, त्यात वर्ग तळमजल्यावर. दोन दिवस तो कानांवर हात ठेवून बसला. तिसऱ्या दिवशी हातातली स्टीलची बाटली भिरकावली आणि ती पुढच्या बाकावरच्या मुलाच्या कपाळाला लागली. दोन टाके पडले.

मला बोलावून सांगितलं, "आठवडाभर घरी ठेवा, वातावरण निवळू द्या." मी मान डोलावून आले. तीच माझी चूक.

आठवड्याचे सव्वीस दिवस झाले. दर सोमवारी फोन केला की "मॅडम मीटिंगमध्ये आहेत". अभ्यास मागितला तर "एकट्या मुलासाठी तशी सोय नाही". अहो, याच शाळेने दोन वर्षं अख्खी शाळा मोबाइलवर भरवली होती! आणि हजेरीपटावर या सगळ्या दिवसांची गैरहजेरी लागली, म्हणजे आम्हीच पाठवत नव्हतो असा त्याचा अर्थ.

घरी मी शिकवलं. सिटीलिंकच्या बसची तिकिटं तो जमवतो, त्यावरच हातच्याची वजाबाकी घेतली. शंभरची नोट दिली, सीबीएस ते नाशिकरोड दोन तिकिटं काढली, कंडक्टर किती परत देईल? चार दिवसांत जमलं त्याला. वह्या शेजारच्या मुलीच्या आईने व्हॉट्सॲपवर पाठवल्या. तुम्हाला घरच्या अभ्यासाचं विचारायचं होतं ना, तर एवढंच. शाळेच्याच वेळेत बसवा, त्याला जे आवडतं त्यातून घ्या, जमेल.

पण रोज सकाळी सात वाजता तो युनिफॉर्म घालून, दप्तर अडकवून गेटपाशी उभा राहायचा. रिक्षावाले काका येत नव्हते. मी अर्ध्या तासाने हाताला धरून आत आणायचे. तिसऱ्या आठवड्यात त्याने युनिफॉर्म मागणं सोडलं. परत शाळेत गेला तेव्हा पूर्ण दिवस वर्गात बसायला त्याला दिवाळीची सुट्टी उलटून जावी लागली. वजाबाकी घरी येते हो, तीस मुलांत बसणं येत नाही.

आमचे मोठे दीर निवृत्त मुख्याध्यापक, सगळे त्यांना आप्पा म्हणतात. त्यांचं मत, "बघ, घरी किती छान शिकतोय. कशाला शाळेशी वैर घेतेस? नाव नॅशनल ओपनला, म्हणजे घरून शिकायच्या मुक्त शाळेला घाल आणि सुखात राहा." मी त्यांना तेव्हा उलट बोलले नाही, आज बोलते. आप्पा, वैर मी घेतलं नव्हतं. आणि सुख कोणाचं? मी नोकरी सोडून घरी बसायचं, पोराने गेटपाशी उभं राहायचं, आणि सुखात कोण, तर शाळा.

सव्विसाव्या दिवशी मी अर्धं पान अर्ज लिहिला. मुलाला कोणत्या आदेशाने घरी ठेवलं ते लेखी द्या, नाहीतर उद्यापासून पाठवते. एक प्रत शिक्षणाधिकाऱ्यांना. आवकचा शिक्का मारून पोच घेतली. दुसऱ्या दिवशी शाळेतूनच फोन, "अहो, पाठवा ना, आम्ही कुठे नाही म्हटलं!"

आता कायदा. अमेरिकेत वर्षात दहा शालेय दिवसांपलीकडे अशा मुलाला बाहेर ठेवलं तर शिकवणं चालू ठेवावंच लागतं, आणि मोठ्या निलंबनाआधी ते वागणं अपंगत्वातूनच आलं का, हे पालकांसोबत बसून तपासावं लागतं. आपल्याकडे असा दिवसांचा हिशोब नाही. शिक्षण हक्क कायद्याचं कलम 16 म्हणतं की आठवीपर्यंत मुलाला शाळेतून काढून टाकता येत नाही. 'घरी ठेवा' हे त्यात कुठेच नाही आणि तीच पळवाट आहे. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात स्वमग्नता आहे. मान्यताप्राप्त शाळांत भेदभाव नको, मुलाच्या गरजेप्रमाणे सोय हवी, हे त्याच्याही कलम 16 मध्ये आहे. आमच्या बाबतीत सोय म्हणजे काय, तर प्रॅक्टिसच्या वेळी त्याला वरच्या मजल्यावर बसवायचं. बस्स! अर्जाने नाही भागलं तर पुण्याला दिव्यांग आयुक्तांकडे तक्रार करता येते.

घाईत राहिलेलं. अल्पसंख्याक संस्थेची शाळा असेल तर सुप्रीम कोर्टाच्या 2014 च्या निकालाने शिक्षण हक्क कायदा तिथे लागू होत नाही, मग दिव्यांग कायद्यावरच भर द्या. सिव्हिल हॉस्पिटलचं अपंगत्वाचं प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं ओळखपत्र) नसेल तर आधी ते काढा. अपंगत्व फारच तीव्र असलेल्या मुलांना घरी शिकण्याचा पर्याय कायद्यानेच दिलाय, त्यांच्याबद्दल मी बोलत नाहीये. आणि आमच्या शाळेची भीती अगदीच खोटी होती असंही नाही. टाके खरे होते.

तुमच्या भाच्याकडून कोणाला लागलं असेल तर त्या घरी जाऊन या. आम्ही दुसऱ्याच दिवशी गेलो होतो. त्या आईने ग्रिलचं दार उघडलं नाही, आतूनच बोलली. तिच्या जागी मीही उघडलं नसतं. तरी जा.