वाचकांचे प्रश्न : जमैकाचा स्वयंपाक आपल्या घरी

प्रश्न : लंडनला मुलीकडे गेले असताना तिच्या जमैकन शेजाऱ्यांकडे ‘राइस अँड पीज’ खाल्ला आणि तो फार आवडला. घरी करायचा झाल्यास त्यात मटार घालावेत का? (एक वाचक, रत्नागिरी)

उत्तर : मटार घालू नयेत. जमैकात रविवारच्या जेवणातल्या या भातासाठी बहुधा राजमा घेतात आणि नाताळच्या सुमारास तुरीचे ओले दाणे, ज्यांना तिथे ‘गुंगो पीज’ म्हणतात. तूर मूळची आपल्याकडची. ती आफ्रिकेत रुजली आणि गुलामांच्या व्यापाराच्या काळात कॅरिबियन बेटांवर पोचली. त्यामुळे हिवाळ्यात बाजारात तुरीच्या शेंगा येतात तेव्हा आपल्याला हा भात कोणतीही तडजोड न करता करता येईल.

राजम्याचा करायचा असेल, तर एक वाटी राजमा रात्रभर भिजवून, ताज्या पाण्यात लसणाच्या चार पाकळ्या आणि ऑलस्पाइस या जमैकन मसाल्याचे सात-आठ दाणे घालून पूर्ण मऊ शिजवावा. अर्धवट शिजलेला राजमा पोटाला बाधतो. शिजवलेले पाणी टाकू नये, कारण भाताचा तांबूस रंग त्यातूनच येतो. मग त्यात नारळाचे दाट दूध, ठेचलेली कांद्याची पात, थाईम या सुगंधी वनस्पतीच्या दोन काड्या, मीठ, एक अख्खी मिरची आणि दोन वाट्या धुतलेला तांदूळ घालावा. पातळ भाग एकूण चार वाट्या असावा. उकळी आली की आच मंद करून झाकण ठेवावे. तांदूळ साधा, लांब दाण्याचा घ्यावा. बासमतीचा स्वतःचा सुगंध इथे आड येतो.

मिरची फुटता कामा नये. तिथली स्कॉच बॉनेट मिरची जहाल असते, परंतु ती अखंड राहिली तर तिखटपणा बेताचा उतरतो आणि तिचा फळासारखा गंध मात्र भाताला लागतो. म्हणून भात मोकळा करण्याआधी ती अलगद काढून घेतात. आपल्या हिरव्या मिरचीला तो गंध नाही. त्याच प्रजातीची हाबानेरो मिळाली तर जरूर वापरावी. थाईम न मिळाल्यास कुंडीतल्या पानओव्याचे एखादे पान चालेल. कॅरिबियन बेटांवरही ही वनस्पती थाईमसारखीच वापरतात.

प्रश्न : जर्क चिकनसाठी ऑलस्पाइस मागितले असता दुकानदाराने कबाबचिनी दिली. दोन्ही एकच का? (एक वाचक, पुणे)

उत्तर : नाहीत, आणि हा घोळ आपल्या बाजारात वारंवार होतो. कबाबचिनी म्हणजे कंकोळ, मिऱ्याच्या जातीचे. त्याच्या दाण्याला बारीक देठ असतो. ऑलस्पाइस हे जमैकातल्या पिमेंटो वृक्षाचे वाळवलेले फळ असून त्याला असे शेपूट नसते. गुलामगिरीतून पळून डोंगरात आश्रय घेतलेल्या मरून लोकांनी जर्कची, म्हणजे मसाला चोळून मांस भाजण्याची, पद्धत जोपासली, आणि पोर्टलंड परगण्यातल्या बॉस्टन बे येथे आजही पिमेंटोच्याच लाकडावर मांस भाजतात. म्हणून ऑलस्पाइस वगळून केलेल्या चिकनला जर्क म्हणणे मला पटत नाही. तो मिळालाच नाही, तर लवंग, दालचिनी आणि जायफळ यांच्या मिश्रणाने जवळपास जाता येते, कारण लवंगेतले युजेनॉल हेच ऑलस्पाइसचेही प्रमुख सुगंधी द्रव्य आहे. मात्र लवंग बेताचीच घालावी.

प्रश्न : बहिणीने परदेशातून अ‍ॅकीचा डबा आणला आहे. हे फळ विषारी असते असे वाचले. ते खावे का? (एक वाचक, ठाणे)

उत्तर : नामांकित उत्पादकाचा, मुदतीतला आणि न फुगलेला डबा असेल तर निश्चिंतपणे खावे. धोका कच्च्या फळाचा आहे: त्यातल्या हायपोग्लायसिन या विषामुळे रक्तातली साखर धोकादायक पातळीपर्यंत खाली जाते आणि उलट्या सुरू होतात. म्हणून जमैकात झाडावर आपोआप उकललेलेच फळ घेतात, बिया व गुलाबी पापुद्रा काढून फक्त पिवळसर गर उकळतात आणि ते पाणी फेकून देतात. डब्यातला गर शिजलेला असतो, तेव्हा पाणी निथळून तो अगदी शेवटी घालावा आणि जोराने ढवळू नये. जमैकात अ‍ॅकीसोबत परततात तो खारवलेला कॉड मासा मिळाला नाही तर खारवलेली सुरमई घ्यावी, पण ती रात्रभर दोन-तीनदा पाणी बदलून भिजवावी, नाहीतर गराची नाजूक चव पार झाकली जाईल.