निखारा फुलत का नाही? वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

प्रश्न : हॉटेल मॅनेजमेंट झालं आहे. दुबईतल्या एका शिशा (म्हणजे हुक्का) लाउंजमध्ये नोकरी लागली असून सुरुवात कोळशाच्या काउंटरवर करायची आहे. तिथे नारळाच्या करवंटीचा नैसर्गिक कोळसा वापरतात. घरी गॅसवर चार क्यूब पेटवून पाहिले. वरून पांढरे झाले, फोडले तर आत काळेच! वेळही फार गेला. काय चुकतंय?
– एक वाचक, जोगेश्वरी

उत्तर : महाराष्ट्रात २०१८ पासून हुक्का पार्लरवर कायद्याने बंदी आहे, त्यामुळे इथला सराव फक्त कोळसा पेटवण्यापुरता ठेवा.

आता क्यूबकडे वळू. करवंटीचा कोळसा दळतात, त्यात स्टार्चची खळ मिसळतात आणि दाबून त्याचे २५ मिलिमीटरचे ठोकळे पाडतात. साध्या लाकडी कोळशासारख्या फटी त्याला नसतात, त्यामुळे उष्णता आत शिरायला वेळ घेते. तुम्ही आच मोठी ठेवली असणार. मोठ्या आचेवर वरचा थर भराभर जळतो, त्याची राख होते आणि तीच राख आतल्या कोळशाला हवा मिळू देत नाही. वरून पांढरा म्हणजे तयार, हा समजच चुकीचा आहे.

काउंटरवर बहुतेक ठिकाणी १००० वॅटच्या आसपासची इलेक्ट्रिक कॉइल असते. ती लाल होईपर्यंत रिकामी तापवा. मग क्यूब एकाच थरात ठेवा, मध्ये अर्ध्या बोटाचं अंतर सोडा. एकावर एक रचलेले क्यूब वेगवेगळ्या वेळी पेटतात. चार-पाच मिनिटांनी चिमट्याने प्रत्येक क्यूब उलटा करा, राख हलकेच झटका, पुन्हा तेवढाच वेळ द्या. एकूण आठ ते बारा मिनिटं धरा. पारख करायची ती दिवा मालवून किंवा हाताची सावली करून : सहाही बाजू लाल दिसल्या पाहिजेत. कोपऱ्यात नखाएवढा काळा डाग राहिला तरी क्यूब परत कॉइलवर. त्या डागातूनच कच्चा धूर येतो, वास येतो आणि पुढे क्यूब त्याच बाजूने विझतो.

घरी गॅसवर करायचं तर स्टीलची जाड जाळी घ्या, आच मध्यम ठेवा. पापडाची पातळ जाळी वाकते, अॅल्युमिनियमच्या भांड्याला तर भोकच पडतं. काम झाल्यावर बर्नरच्या छिद्रांतली राख सुईने काढा, नाहीतर ज्योत पिवळी पडते.

लाउंजमध्ये वेळ वाया जातो तो पेटवण्यात कमी, बेत चुकल्यामुळे जास्त. समजा बारा टेबलं आहेत, प्रत्येकाला तीन क्यूब लागतात आणि दर चाळीस मिनिटांनी बदलायचे आहेत. म्हणजे चाळीस मिनिटांत ३६ क्यूब. सगळे एकदम पेटवले तर शेवटच्या टेबलाला अर्धी राख जाते. त्यापेक्षा दर दहा मिनिटांनी नऊ क्यूबचा घाणा लावा. नऊ मावतील एवढी एक कॉइल पुरते आणि ट्रेमध्ये कायम ताजे निखारे असतात. गर्दीच्या रात्री मात्र जवळ दुसरी कॉइल हवीच. २३० व्होल्टवर १००० वॅटची एक कॉइल साधारण साडेचार अँपिअर ओढते. सहा अँपिअरच्या एका पॉइंटवर दोन लावल्या तर प्लग काळा पडणार. दोघींना स्वतंत्र पॉइंट घ्या, एक्स्टेंशन बोर्ड वापरू नका.

कुणीतरी लायटरने लागणाऱ्या गोल वड्या सुचवील. त्यांत पोटॅशियम नायट्रेटसारखं पेट घेणारं रसायन असतं. चटकन पेटतात, पण वास आणि धूर जास्त. रॉकेल किंवा स्पिरिट तर निखाऱ्याच्या आसपासही नको.

फुंकायचं असेल तर बेताने. २९ डिसेंबर २०१७ ला मुंबईतल्या कमला मिल आवारातल्या रेस्टॉरंटना लागलेल्या आगीत १४ जण गेले. आग हुक्क्याच्या निखाऱ्यांच्या उडत्या ठिणग्यांनी पडद्याला लागली, असा अग्निशमन दलाच्या चौकशीचा निष्कर्ष होता. काउंटरच्या वर आणि बाजूला कापड, कागदी सजावट, छताचं प्लॅस्टिक काहीही नको. वर धुराडं किंवा एक्झॉस्ट हवाच, कारण फुललेल्या निखाऱ्यातून धूर दिसला नाही तरी कार्बन मोनॉक्साइड निघतच असतो. पाळी संपताना डोकं जड झालं, मळमळलं, तर थकवा समजू नका. आधी मोकळ्या हवेत जा आणि मग एक्झॉस्ट तपासायला सांगा.

प्रश्न : मुलगी बाळंतपणाला आली आहे. सासूबाईंना ओवा, बाळंतशेपा घालून शेक-शेगडी द्यायची आहे. आमची खोली लहान, खिडकी एकच. कोळसा बाहेर पूर्ण फुलवून, धूर गेल्यावर आत आणला तर चालेल ना?
– लालबाग

उत्तर : नाही चालणार, आणि सासूबाईंना सांगताना कारण स्पष्ट सांगा. धूर जातो तो कच्च्या कोळशाचा. कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही, आणि तो निखारा विझेपर्यंत निघतो. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पटीने चिकटतो. बाळंतपणात वाऱ्याच्या भीतीने दारं-खिडक्या बंद ठेवतात, हीच त्याला हवी तशी खोली. बाळ बाजेखालच्या शेगडीच्या सर्वांत जवळ असतं आणि डोकं दुखतंय म्हणून सांगू शकत नाही. एक खिडकी किलकिली ठेवून भागत नाही. शेकायचंच असेल तर तव्यावर गरम केलेली ओव्याची पुरचुंडी फडक्यात गुंडाळून बाळंतिणीच्या कमरेला द्या. आधी स्वतःच्या मनगटाला लावून बघा. बाळाच्या अंगाला ती लावू नका. ओव्याचा वास तेवढाच येतो.

प्रश्न : जूनमध्ये आणलेली कोळशाची गोणी गॅलरीत होती. आता पेटवताना तडतड होते, ठिणग्या उडतात. कोळसा खराब निघाला का?
– भांडुप

उत्तर : खराब नाही, ओला आहे. कोळसा सच्छिद्र असल्याने मुंबईच्या पावसाळ्यातली दमट हवा शोषून घेतो. तापल्यावर आतल्या पाण्याची वाफ होते, बाहेर पडायला वाट नसली की तुकडा फुटतो. दोन-तीन दिवस कडक उन्हात पसरा, पुन्हा भरताना झाकणाचा डबा वापरा आणि तो फरशीवर नाही, लाकडी फळीवर ठेवा. गोणीच्या तळाचा भुगा वेगळा काढा. तो शेगडीच्या जाळीत बसला की खालून हवा येणं थांबतं आणि मग कितीही फुंकणी मारा, निखारा धुमसतच राहतो.

प्रश्न : उरलेले निखारे कुठे टाकायचे?
– दहिसर

उत्तर : सोसायटीच्या प्लॅस्टिकच्या कचराकुंडीत तर नाहीच. वरून थंड वाटणाऱ्या राखेखाली निखारा दुसऱ्या दिवशीपर्यंत जिवंत राहू शकतो. घट्ट झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात बंद करा. हवा तुटली की विझतो, आणि तोच कोळसा पुढच्या वेळी नव्यापेक्षा लवकर पेटतो.